दक्षिण ध्रुवसमुद्रांतील जीवांची मोजदाद

पृथ्वीच्या गोलावर दक्षिण टोंकाशीं जें पांढरें खंड दाखविलेलें असतें, त्याच्याभोंवतीं एक विस्तीर्ण महासागर पसरलेला आहे. हिंवाळ्यांत त्याचा फार मोठा भाग गोठून जातो, आणि उन्हाळा आला कीं तोच बर्फ वितळून पाणी पुन्हां मोकळें होतें. तेथील पाण्याचें उष्णतामान शून्याखालीं जवळजवळ २ अंश सेंटिग्रेडपर्यंत उतरतें. त्याहून खालीं तें फारसें जात नाहीं, कारण त्या सुमारास खारें पाणीच गोठूं लागतें. अशा पाण्यांत जीवसृष्टि विरळ असेल असें कोणासहि वाटेल. वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. पृथ्वीवरील सर्वांत मोठे देवमासे, सीलांचे कळप, आणि लक्षावधि पेंग्विन पक्षी याच समुद्रावर पोट भरतात. या समृद्धीचा पत्ता शास्त्रज्ञांच्या अगोदर शिकाऱ्यांना लागला, आणि तेथील बहुतेक अनर्थाचें मूळ या क्रमांत आहे. कोठारांत धान्य किती हें पाहून मग तें काढावयाचें, ही साध्या गृहस्थाची रीत. दक्षिण समुद्रांत मात्र कोठार रिकामें होत आल्यावर मोजणी सुरू झाली.

ही समृद्धि येते कोठून, हें प्रथम पाहिलें पाहिजे. खोल पाण्यांत सांठलेलीं क्षारद्रव्यें या समुद्रांत वर येतात. उन्हाळ्यांत अगदीं दक्षिणेस सूर्य कित्येक आठवडे मावळत नाहीं. बर्फ वितळला कीं पृष्ठभागाजवळ शांत व उजेडाचा असा पाण्याचा थर तयार होतो, आणि त्या थरांत डायाटम नांवाच्या एकपेशी वनस्पति झपाट्यानें वाढूं लागतात. एक एक वनस्पति डोळ्यांना दिसत नाहीं. पण त्यांची दाटी झाली म्हणजे पाण्याचा रंग पालटतो. हेंच त्या समुद्राचें कुरण होय. या कुरणावर चरणारा मुख्य प्राणी म्हणजे क्रिल.

क्रिल हा दिसावयास कोंकण किनाऱ्यावरील जवळ्याचा थोरला भाऊ शोभेल असा असतो. त्याची लांबी फार तर ६ सेंटिमीटर आणि वजन १ ते २ ग्रॅम. पुढच्या पायांवरील केसांची जणूं टोपली करून तो पाणी गाळतो व त्यांत अडकलेल्या वनस्पति खातो. तो एकटा क्वचितच राहतो. त्याचे थवे इतके दाट असतात कीं एका घनमीटर पाण्यांत हजारों जीव सांपडतात, आणि असा थवा कधीं कधीं कित्येक किलोमीटर पसरलेला असतो. मादीनें सोडलेलीं अंडीं शेंकडों मीटर खोल बुडतात, तेथील काळोखांत फुटतात, आणि त्यांतून निघालेला कोंवळा जीव पुन्हां पृष्ठभागाकडे प्रवास करूं लागतो. पहिल्या हिंवाळ्यांत त्याचा जीव तगतो तो समुद्रावरील बर्फाच्या खालच्या अंगास चिकटलेल्या सूक्ष्म शेवाळावर. अन्न फारच दुर्मिळ झालें तर मोठा क्रिल कात टाकतां टाकतां आपला देहच आंखडून घेतो. म्हणून नुसत्या लांबीवरून त्याचें वय सांगणें अवघड जातें. वनस्पति, क्रिल आणि देवमासा अशी ही अवघ्या दोन पायऱ्यांची चढण आहे. सुमारें ३० मीटर लांबीचा निळा देवमासा त्या समुद्रांत जगतो तो या २ ग्रॅमांच्या प्राण्यावर. मधली ही एक पायरी ढांसळली तर तिच्या जागीं उभी राहील अशी तितकी भक्कम दुसरी पायरी तेथें नाहीं.

माणसानें या समुद्रांत हात घातला तो सीलांच्या कातड्यांसाठीं. कॅप्टन कुक १७७५ सालीं दक्षिण जॉर्जिया बेटावर उतरला, आणि तेथील सीलांची वार्ता त्याच्या वृत्तांतामुळें सर्वत्र पसरली. तिच्या मागोमाग शिकारी जहाजें आलीं. १८२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनांत जेम्स वेडेल यानें, एकट्या या बेटावरून निदान १२ लक्ष कातडीं गेलीं असावींत, असा हिशेब दिला आहे. पुढें मऊ केसांचे हे सील इतके थोडे उरले कीं विसाव्या शतकाच्या आरंभीं ते नामशेष झाले असेंच समजण्यांत येत होतें. नंतर देवमाशांची पाळी आली. १९०४ सालीं कार्ल अँटोन लार्सेन या नॉर्वेजियन कप्तानानें दक्षिण जॉर्जियावर ग्रिटव्हिकेन येथें देवमाशांच्या चरबीचें तेल काढण्याचा कारखाना घातला. हें तेल साबणासाठीं व पुढें कृत्रिम लोण्यासाठीं युरोपांत फार खपत असे. १९२५ च्या सुमारास मागच्या बाजूस उतरण असलेलीं कारखाना-जहाजें निघालीं. मारलेला देवमासा भर समुद्रांतच जहाजावर ओढून घेतां येऊं लागल्यामुळें किनाऱ्याची गरज संपली, आणि किनाऱ्यावरील सरकारचा अंकुशहि संपला. १९३०-३१ च्या एका हंगामांत सुमारें २९,००० निळे देवमासे मारले गेले.

शास्त्रीय संशोधनाचा आरंभ याच धामधुमींत झाला. दक्षिण जॉर्जिया हें ब्रिटिश अंमलाखालीं असल्यामुळें देवमाशांच्या तेलावर कर बसविण्यांत आला होता. त्या कराच्या उत्पन्नांतून ‘डिस्कव्हरी’ नांवाच्या संशोधन-मोहिमांचा खर्च चालला. ज्या धंद्यानें प्राण्यांचा संहार चालविला होता, त्याच्याच पैशानें त्या प्राण्यांचा अभ्यास सुरू व्हावा, हा योग विलक्षण खरा. कॅप्टन स्कॉट यांना १९०१ सालीं दक्षिणेस घेऊन गेलेलें ‘डिस्कव्हरी’ हेंच लांकडी जहाज १९२५ सालीं या कामावर निघालें. स्टॅन्ली केंप हे मोहिमेचे प्रमुख असून ॲलिस्टर हार्डी हे त्यांचे प्राणिशास्त्रज्ञ होते.

हार्डी यांच्यापुढें प्रश्न असा होता: जाळें एका ठिकाणीं टाकून जें सांपडेल त्यावरून शेंकडों मैल समुद्राची कल्पना कशी यावी? त्यांनीं एक युक्तीचें यंत्र तयार केलें. जहाजामागें दोरानें ओढल्या जाणाऱ्या एका पेटींत रेशमी जाळीदार पट्टी गुंडाळलेली असे. पेटींतून वाहणाऱ्या पाण्यानें एक पंखा फिरे, पंख्याबरोबर पट्टी हळूहळू पुढें सरके, आणि पाण्यांतील बारीक जीव तिच्यावर अडकून दुसऱ्या पट्टीखालीं दाबले जाऊन औषधी द्रवांत जतन होत. पट्टी उलगडली कीं कोणत्या मैलावर कोणता जीव किती होता, हें क्रमानें वाचतां येई. या यंत्राच्या सुधारलेल्या आवृत्त्या आजहि व्यापारी जहाजांमागून ओढल्या जातात.

मोहिमेची दुसरी तुकडी ग्रिटव्हिकेनजवळच किनाऱ्यावर राहिली. कारखान्याच्या चौकांत ओढून आणलेल्या देवमाशांवर कामगारांच्या सुऱ्या चालूं लागल्या कीं नील मॅकिंटॉश व जॉन व्हीलर हे शास्त्रज्ञ रक्ताच्या चिखलांत उभे राहून त्यांचीं मापें घेत, पोटें उघडून पाहत आणि गर्भाशयें तपासत. १९२९ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेला अहवाल सोळाशेंहून अधिक देवमाशांच्या तपासणीवर आधारलेला होता. दक्षिणेच्या या देवमाशांच्या पोटांत क्रिलवांचून जवळजवळ दुसरें कांहींच आढळत नाहीं, आणि मादीला एका खेपेस बहुधा एकच पिल्लूं होतें, या गोष्टी या तपासणीनें पक्क्या झाल्या. दुसऱ्या एका जहाजावरून जिवंत देवमाशांच्या चरबींत क्रमांक घातलेल्या पोलादी नळ्या बंदुकीनें मारल्या जात. पुढें तो प्राणी शिकाऱ्यांच्या हातीं लागला कीं ती नळी व सांपडल्याचें ठिकाण परत कळविलें जाई. त्यावरून देवमाशांच्या फेऱ्यांचा माग लागूं लागला. जेम्स मार यांनीं तर आपलें आयुष्यच क्रिलला वाहिलें. बालवीर म्हणून ते १९२१ सालीं शॅकल्टन यांच्या शेवटच्या सफरीवर गेले होते. क्रिलच्या जीवनक्रमावरील त्यांचा मोठा ग्रंथ १९६२ सालीं प्रसिद्ध झाला. अंडीं खोल जाऊन फुटतात व पिलें वर येतात, हा वर सांगितलेला क्रम त्यांच्याच परिश्रमांतून उलगडला.

ज्ञान असें वाढत होतें, पण तें शिकारीच्या मागून चालत होतें. वरातीमागून घोडें, अशी त्याची गत झाली. १९४६ सालीं देवमाशांच्या शिकारीसंबंधीं आंतरराष्ट्रीय करार झाला. परंतु दक्षिण समुद्रांतील मर्यादा ठरली ती जातवार नव्हे, तर तेलाच्या हिशेबानें. एक निळा देवमासा म्हणजे दोन फिन देवमासे, अडीच हंपबॅक किंवा सहा सेई, असें कोष्टक करून वर्षाला १६,००० निळ्या देवमाशांइतकी मोकळीक देण्यांत आली. दुर्मिळ होत चाललेला निळा देवमासा दिसला तर तो सोडून द्यावा, असें या कोष्टकांत कोठेंच नव्हतें. उलट एका भाल्यांत सर्वांत जास्त तेल त्याचेंच मिळे. विसाव्या शतकांत दक्षिण गोलार्धांत एकंदर सुमारें २० लक्ष देवमासे मारले गेले. व्यापारी शिकार थांबविण्याचा निर्णय १९८२ सालीं झाला, तेव्हां थांबवावयास फारसें उरलेंच नव्हतें.

मग वळण आलें माशांवर. तेथील माशांचें जीवन मोठें चमत्कारिक आहे. साध्या माशाचें रक्त खाऱ्या पाण्याच्या अगोदरच, म्हणजे शून्याखालीं एक अंशाच्या आंतच, गोठावयास लागतें. तर मग हे मासे जगतात कसे? १९६० नंतरच्या दशकांत आर्थर डीव्ह्रीस या अमेरिकन शास्त्रज्ञानें याचा उलगडा केला. या माशांच्या रक्तांत साखर व प्रथिनें यांच्या संयोगानें बनलेलें एक द्रव्य असतें. तें बर्फाच्या सूक्ष्म कणांस चिकटून त्यांची वाढ रोखतें. कांहीं जातींच्या रक्तांत तर तांबडा रंगच नाहीं. थंड पाण्यांत प्राणवायु इतका विरघळलेला असतो कीं हीमोग्लोबिनवांचून त्यांचें चालतें. मात्र थंडींतील या संसाराला एक किंमत पडते. पुष्कळ जाती सावकाश वाढतात आणि उशिरां वयांत येतात. १९६९-७० च्या हंगामांत सोव्हिएत जहाजांनीं दक्षिण जॉर्जियाभोंवतीं नोटोथेनिया जातीचे सुमारें ४ लक्ष टन मासे ओढून काढले. पुढच्या हंगामांत त्याच्या चतुर्थांशाइतकेच मिळाले, आणि मग तो धंदाच बसला. देवमासे संपावयास साठ वर्षें लागलीं होतीं. या माशांना दोन हंगाम पुरले.

आतां उरला होता क्रिल. सत्तरीच्या दशकांत एक सोपें त्रैराशिक मांडलें जात असे: देवमासे नाहींसे झाले, तेव्हां ते जो क्रिल खात असत तो शिल्लक पडत असला पाहिजे. ही शिल्लक वर्षाला १५ कोटि टन असावी, असा अंदाज रिचर्ड लॉज यांनीं १९७७ सालीं केला. भुकेल्या जगाला हें नवें अन्न मिळणार, अशी आशा उत्पन्न झाली. १९८१-८२ च्या हंगामांत क्रिलची पकड ५ लक्ष टनांवर गेली. पण त्रैराशिकांत एक पद राहून गेलें होतें. त्या महासागराच्या मोठ्या भागांत इतर क्षार मुबलक असूनहि लोह फार थोडें आहे, आणि लोहावांचून डायाटम वाढत नाहींत. देवमासा क्रिल खातो व त्यांतील लोह आपल्या विष्ठेवाटे पुन्हां पृष्ठभागाच्या पाण्यांत मिसळतो. म्हणजे जो पीक खातो तोच शेताला खतहि घालतो, असें अलीकडील संशोधन दाखवितें. खाणारा नाहींसा झाला म्हणून अन्न वाढेलच, असें या समुद्रांत गृहीत धरतां येत नाहीं.

सुदैवानें या वेळीं घोडें वरातीच्या पुढें आणण्याचा प्रयत्न झाला. क्रिलचा धंदा पुरता फोंफावण्यापूर्वींच १९८० सालीं कॅनबेरा येथें दक्षिण समुद्रांतील जीवसंपत्तीच्या रक्षणाचा करार झाला, आणि १९८२ पासून तो अमलांत आला. त्याचें मंडळ टास्मानियांतील होबार्ट येथें आहे. या करारांतील तत्त्व असें कीं, ज्या प्राण्याची पकड करावयाची त्याच्याच नव्हे, तर त्याच्यावर जगणाऱ्या सर्वांच्या गरजेचा विचार झाला पाहिजे, आणि दोन-तीन दशकांत भरून येणार नाहीं असा बदल समुद्रांत होऊं देतां कामा नये.

हें तत्त्व आंकड्यांत उतरवितात तें असें. जहाजाच्या तळांतून पाण्यांत ध्वनीच्या लहरी सोडतात. क्रिलच्या थव्यावरून परतणाऱ्या प्रतिध्वनीच्या जोरावरून थव्याचें वजन काढतात. २००० सालीं ब्रिटन, अमेरिका, जपान व रशिया यांच्या चार जहाजांनीं मिळून अटलांटिकच्या दक्षिण भागाची अशी पाहणी केली. तिच्या सुधारलेल्या हिशेबांत क्रिलचा सांठा ६ कोटि ३ लक्ष टन निघाला. केवळ क्रिलचाच विचार केला असता तर निम्मा सांठा राखून भागलें असतें; पण खाणाऱ्या प्राण्यांसाठीं वीस वर्षांच्या अखेरीस मूळ सांठ्याचे तीन-चतुर्थांश शिल्लक राहिले पाहिजेत, असा नियम घातला. या नियमानें वार्षिक मर्यादा ५६ लक्ष टन येते. तरीहि ही सर्व मोकळीक एकदम दिलेली नाहीं. ती पकड कोठें कोठें वांटून करावी याची व्यवस्था होईपर्यंत ६,२०,००० टनांवर थांबावें, असें ठरलें आहे. म्हणजे सांठ्याच्या शेंकडा एक.

शेंकडा एक घेतल्यानें काय बिघडणार, असा प्रश्न येथें स्वाभाविक आहे. त्याचें उत्तर पेंग्विन देतात. १९८५ च्या सुमारास मंडळानें एक पाहणी-योजना आंखली. क्रिल मोजणें कठीण. म्हणून क्रिल खाणाऱ्यांकडे पाहावें, ही तिची कल्पना. आई पिलाला सोडून समुद्रावर गेली ती किती वेळानें परतली, तिनें काय आणलें, घरटें सोडतांना पिलाचें वजन किती भरलें, अशा नोंदी ठरलेल्या वसाहतींत सालोसाल घेतल्या जातात. अन्न जवळ असलें तर आई लवकर परततें. दूर गेलें तर पिलू उपाशी राहतें. उन्हाळ्यांत पिलें असलेल्या पेंग्विनाला फार दूर जातां येत नाहीं. नदीला पाणी मुबलक असलें तरी गांवाच्या पाणवठ्यावरचेंच पाणी कोणीं उपसून नेलें तर गांव तहानेला राहावयाचा. तसेंच हें आहे. जहाजांनाहि दाट थवे हवे असतात, आणि ते अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या किनाऱ्यालगत, म्हणजे नेमके पेंग्विन, सील व देवमासे यांच्याच पाणवठ्यावर मिळतात.

हें ओळखून २००९ सालीं ६,२०,००० टनांची विभागणी करण्यांत आली. द्वीपकल्पाच्या भागांतून त्याच्या चतुर्थांशाहून, म्हणजे १,५५,००० टनांहून, अधिक काढूं नये असें ठरलें. या नियमाची मुदत २०२४ सालीं संपली. मंडळाचे निर्णय सर्वांच्या एकमतानें होतात. त्या वर्षीं एकमत झालें नाहीं व नियम गळून पडला. एकंदर मर्यादा कायम राहिली, पण ती कोठून भरावी हें बंधन उरलें नाहीं. २०२५ च्या हंगामांत ती सगळी मर्यादा ऑगस्टांतच भरली, आणि नेहमीं नोव्हेंबरअखेर चालणारी पकड प्रथमच मुदतीपूर्वीं संपूर्ण थांबवावी लागली. आंकडा पाळला गेला. पाणवठ्याचा प्रश्न मात्र उघडाच राहिला.

त्यांत हवामानाची भर आहे. डिस्कव्हरीच्या काळचीं जाळीं व नंतरचीं जाळीं यांचे आंकडे एकत्र करून अँगस ॲटकिन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००४ सालीं असें दाखविलें कीं, अटलांटिकच्या दक्षिण भागांत सत्तरीपासून क्रिलची दाटी घटली, आणि ज्या हिंवाळ्यांत बर्फ थोडा पडतो त्याच्या पुढच्या उन्हाळ्यांत क्रिलहि थोडा असतो. २०१८ सालीं दुसऱ्या शास्त्रज्ञांनीं तेच आंकडे निराळ्या रीतीनें तपासून घट सिद्ध होत नाहीं असें प्रतिपादिलें. हा वाद पंडितांचा दिसला तरी त्याच्या निकालावर मर्यादेचा आंकडा अवलंबून आहे. शंभर वर्षांपूर्वीं बर्फाळ वाऱ्यांत कोणीं तरी जाळें ओढून त्यांतील जीव मोजले व वहींत टिपून ठेवले, म्हणून हा वाद निदान पुराव्यावर चालूं शकतो.

भारत या मंडळाचा १९८६ पासून सदस्य आहे. १९९५-९६ च्या मोसमांत ‘सागर संपदा’ हें भारताचें संशोधन-जहाज क्रिलच्या अभ्यासासाठीं दक्षिणेस जाऊन आलें, आणि ध्रुवीय संशोधनाचें राष्ट्रीय केंद्र गोव्यांत वास्को येथें आहे. जेथें एका सदस्याच्या नकारानें निर्णय अडतो, तेथें प्रत्येकाच्या मताला वजन असतें. म्हणून हा विषय केवळ दूरदेशींच्या लोकांचा आहे असें म्हणतां येत नाहीं.

या हकीकतींत एक समाधानाची गोष्टहि आहे. मऊ केसांचे सील दक्षिण जॉर्जियावर पुन्हां मोठ्या संख्येनें दिसूं लागले. हंपबॅक देवमासे परतले. आणि एलिफंट बेटाजवळ २०१९ सालीं सुमारें दीडशें फिन देवमासे एकत्र चरतांना शास्त्रज्ञांनीं पाहिले. पण परतलेले हे पाहुणे त्याच क्रिलवर जेवतात. ज्या वर्षीं सांठा मोजून मर्यादेचा पाया घातला, त्या २००० सालीं पंगतींत इतकीं पानें मांडलेलीं नव्हतीं. पानें वाढलीं म्हणजे वाढणाऱ्यानें पुन्हां एकदां भांड्यांत डोकावून पाहावें लागतें. होबार्ट येथील मंडळापुढें आज काम आहे तें हेंच.